तोफेचा नांगर आणि स्टेशनावरचा आकडा

पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर कराड गेल्यावर झोपू नका. शेणोली, ताकारी अशी लहान लहान स्टेशनं मागं पडतात, दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि मग एका स्टेशनाची पाटी येते : किर्लोस्करवाडी. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं हे कारखान्याचं गाव.

आता समजा, तुम्ही या वाडीत राहता आणि सुट्टीत साताऱ्याचा मावसभाऊ आलाय. त्यानं तुम्हांला अजिंक्यतारा दाखवलेला. कोल्हापूरच्या आतेबहिणीनं पन्हाळा दाखवलेला. तुमच्या गावात तट नाही, बुरूज नाही. १९१० सालाआधी तर हे गावच नव्हतं. मग पाहुण्याला नेणार कुठं?

मी म्हणेन, कुठंही नेऊ नका. आधी त्याला स्टेशनावरच अडवा.

आपल्याकडच्या स्टेशनांवर दोन्ही टोकांना मोठी पिवळी पाटी असते. तिच्यावर काळ्या अक्षरात गावाचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसते. कृष्णेच्या या खोऱ्यात ती साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. हा आकडा सगळे वाचतात आणि लगेच विसरतात. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, कारण पुढं विहिरीपाशी तो आपल्याला लागणार आहे.

पण हा आकडा काढला कसा? समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडं. इथून तिथपर्यंत दोरी लावून कुणी मोजलं नसणार!

मोजलं ते पायरीपायरीनं. एक माणूस तिपाईवर दुर्बीण लावतो. दुर्बीण साधीच, पण ती अगदी आडव्या पातळीत बसवलेली. तिच्यातल्या बुडबुड्यानं कळतं की ती कुठं कललेली नाही. मागं एक माणूस आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा, पुढं दुसरा तशीच पट्टी धरून उभा. मागच्या पट्टीवर दुर्बिणीतून दिसतं, समजा, २ मीटर १० सेंटिमीटर. पुढच्या पट्टीवर दिसतं १ मीटर ४० सेंटिमीटर. म्हणजे पुढची जमीन ७० सेंटिमीटरनं उंच. लिहून घेतलं. मग मागचा माणूस पुढं, दुर्बीण पुढं, पुन्हा तेच. समुद्रकाठापासून बेरीज-वजाबाकी करत करत ही मंडळी घाट चढून आली. एके ठिकाणी चूक झाली की पुढचे सगळे आकडे चुकले, म्हणून हीच मोजणी उलट दिशेनंही करायची. गणिताच्या बाईंनी ताळा करायला सांगितला की आपण कुरकुरतो. या लोकांना घाट उतरून ताळा करावा लागायचा.

आणि सुरुवात कुठून करायची? समुद्र तर दिवसातून दोनदा वर येतो, दोनदा खाली जातो. त्यासाठी बंदरांवर भरती-ओहोटी नोंदणारी यंत्रं वर्षानुवर्षं ठेवली आणि पाण्याची सरासरी काढली. मुंबई, कारवार, कराची, मद्रास, विशाखापट्टणम अशा एकूण नऊ बंदरांवरच्या नोंदी घेऊन १९०९ साली सगळ्या देशाच्या उंचीचा हिशेब एकत्र बसवला गेला. वाडीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा!

पाहुण्याला फलाटाच्या टोकाशी उभं राहूनच आणखी दोन खुणा दाखवता येतात. रुळांवर मात्र उतरायचं नाही हं. रुळांच्या कडेला दोन हात पसरलेला बुटका खांब दिसला, तर तो चढ-उताराचा खांब. त्याच्या एका हातावर २०० असं लिहिलेलं असेल, तर त्या बाजूला २०० मीटर गेल्यावर रूळ एक मीटर चढतात किंवा उतरतात. आपल्याला हा चढ डोळ्यांना कळतही नाही, पण मालगाडीच्या इंजिनाला चांगला कळतो. दुसरी खूण म्हणजे ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी. त्याचा अर्थ, पुढं फाटक आहे, शिट्टी दे.

तर या स्टेशनाचं पूर्वीचं नाव होतं कुंडल रोड. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असलं की समजायचं, गाव अजून लांब आहे, पुढं रस्त्यानं जा. कुंडल गाव लांबच होतं. स्टेशनाभोवती होता निवडुंग आणि निवडुंगात साप.

अशा जागी कारखाना काढायला निघाले लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांची गोष्ट मजेदार आहे. १८६९ सालचा त्यांचा जन्म. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. हात उत्तम, पण काही रंग त्यांना नीट ओळखूच येईनात. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या एका प्रकारात जन्मापासूनच काही कमी-जास्त असलं, तर माणसाला दोन वेगळे रंग सारखेच दिसतात. तो काही आजार नव्हे, आणि त्यावर औषधही नाही. चित्रं रंगवणं सुटलं, पण यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग कशाला लागतात? लक्ष्मणराव त्यात इतके तयार झाले की मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले.

पुढं ते बेळगावला आले. तिथं भावाबरोबर सायकलींचं दुकान. तेव्हा सायकल ही एवढी नवलाईची वस्तू होती की ती चालवायला शिकवायचे ते पंधरा रुपये घ्यायचे. त्या काळचे पंधरा रुपये! तुमचा दादा तुम्हांला फुकट शिकवतो, वर ढकलूनही देतो. सायकलीनंतर त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. तेवढ्यात बेळगावातली कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. तेच ते सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले आणि स्वतः चित्रं काढणारे राजे. त्यांनी कुंडल रोडजवळची जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. बत्तीस एकर निवडुंग मिळाला म्हणा ना.

पण नकाशा उघडलात तर ही जागा का चालण्यासारखी होती ते कळेल. लोखंड जड, दगडी कोळसा जड. दोन्ही लांबून आणायचं. बैलगाडीनं आणलं तर नांगर सोन्याच्या भावात पडेल. इथं दारातच रेल्वे होती. कच्चा माल वाघिणीतून उतरवायचा आणि तयार नांगर त्याच फलाटावरून चढवायचे. साप हटवता येतात, रूळ आणता येत नाहीत.

लक्ष्मणरावांनी परदेशी मासिकांत वाचलं होतं की इंग्लंडात लिव्हर नावाच्या साबणवाल्यानं कामगारांसाठी पोर्ट सनलाईट नावाचं आखीव गावच वसवलंय. तसंच इथं करायचं त्यांच्या डोक्यात होतं. आधी माणसं पत्र्याखाली राहिली, मग घरं झाली, रस्ते झाले, बागा झाल्या. घरं, पाणी, स्वच्छता हे सगळं भाऊ रामूअण्णा बघायचे. रात्रीच्या रखवालीला कोण होतं माहितेय? तुरुंगातून सुटून आलेली माणसं! ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली. मला विचाराल, तर या गावाच्या गोष्टीतला हा सगळ्यात धाडसाचा भाग आहे, निवडुंग तोडण्याहूनही.

आता येऊ नांगराकडं, कारण वाडीचं खरं स्मारक तेच. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर.

लाकडी नांगर बाभळीचा असायचा आणि त्याच्या टोकाला लोखंडी फाळ. तो माती चिरत जायचा. चिरलेली माती जागच्या जागीच राहायची, वरची वर आणि खालची खाली. लोखंडी नांगरात फाळाच्या मागं एक जाड, पिळलेला पत्रा असतो. फाळानं कापलेली माती या पत्र्यावर चढते, पिळाबरोबर वळते आणि तव्यावरची भाकरी उलथण्यानं पालथी करावी तशी बाजूला पालथी पडते. म्हणजे खालची माती वर आली आणि वरचं गवत, धसकटं खाली गाडली गेली. काळ्या रानात हरळी आणि कुंदा नावाची दोन चिवट गवतं असतात. त्यांच्या मुळ्या, काड्या जमिनीखाली लांबवर पसरलेल्या असतात. वरून कितीही उपटा, पुन्हा फुटणारच. पण उन्हाळ्यात खोल नांगरून या काड्या वर उघड्या पाडल्या, की एप्रिल-मेचं ऊन त्यांना वाळवून टाकतं. म्हणजे अर्धं काम नांगराचं आणि अर्धं काम सूर्याचं.

एवढा चांगला नांगर, म्हणजे पटापटा खपला असेल? अजिबात नाही. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं.

हसू नका. ज्याचं सगळं घर एका शेतावर चालतं, तो नवीन वस्तूला घाबरणारच. पण या भीतीची तपासणी तुम्ही घरबसल्या करू शकता. एक लोहचुंबक घ्या, कागदात गुंडाळा आणि नदीच्या किंवा बांधकामाच्या कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला बारीक काळे कण चिकटतील. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचंच एक खनिज. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळाचा आहे, त्या बेसाल्टमध्ये लोखंड भरपूर असतं. कातळ झिजून माती झाली, तेव्हा ते लोखंड मातीतच राहिलं. म्हणजे ज्या रानाला लोखंडाचं विष चढेल अशी भीती होती, त्या रानात नांगर येण्याआधीपासूनच नांगराच्या कितीतरी पट लोखंड पडून होतं. फक्त ते कुणाला दिसत नव्हतं.

हळूहळू नांगर खपायला लागला. आणि १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून लोखंड येणं अवघड झालं. आता नांगराला गिऱ्हाईक होतं, पण लोखंड नव्हतं.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वाट काढली. संस्थानात जुन्या तोफा पडून होत्या. त्या दिल्या वाडीला. वितळवा आणि करा नांगर!

इथं तुमच्या साताऱ्याच्या मावसभावाला एक प्रश्न टाका : कुठलीही तोफ वितळवली तर तिचा नांगर होईल का?

नाही होणार. तोफा निरनिराळ्या धातूंच्या असतात. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, ती काशाची. म्हणजे तांबं आणि कथील. तिच्यावर चुंबक चिकटणार नाही आणि तिचा फाळ केलात तर खडकाळ रानात तो टिकणारही नाही. काही तोफा लोखंडी पट्ट्या एकमेकींना लावून, वरून तापवलेली कडी चढवून बनवलेल्या. ते घडीव लोखंड, ठोकून आकार दिलेलं. आणि काही तोफा बिडाच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेल्या. नांगराच्या कारखान्याला हवं असतं हे बीड.

बीड आणि शुद्ध लोखंड यात फरक तो थोड्याशा कार्बनचा. बिडात शंभर ग्रॅममागं साधारण तीन-चार ग्रॅम कार्बन असतो. कोळशात असतो तोच कार्बन. एवढ्यानं काय होतं? शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. बीड साधारण ११५० ते १२०० अंशांलाच पाणी होतं. साडेतीनशे अंश वाचले म्हणजे किती कोळसा वाचला बघा.

हे वितळवण्याची भट्टी उभी, उंच नळकांड्यासारखी असते. कामगार तिला क्युपोला म्हणतात. वरून कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थरावर थर टाकायचे आणि खालून जोरात हवा सोडायची. चुनखडी कशाला? लोखंडातली माती आणि घाण ती आपल्याकडं ओढून घेते, त्याची मळी होते आणि हलकी असल्यामुळं वर तरंगते. खालच्या तोंडातून निघतं ते पांढरट-पिवळं, डोळे दिपवणारं पातळ बीड.

आता एक हिशेब करू. समजा, तोफ हजार किलोची आहे आणि एका नांगराला चाळीस किलो बीड लागतं. मग नांगर किती? पंचवीस म्हणालात ना? ओतकाम करणारे हसतील. थोडं लोखंड भट्टीत जळतं, थोडं मळीबरोबर जातं, थोडं साच्यात वाटेवरच गोठतं. ते वाटेवरचं तोडून पुन्हा भट्टीत टाकता येतं, पण पंचवीस काही भरत नाहीत.

साचा असतो वाळूचा. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना बनवायचा. तो ओलसर, थोडी चिकणमाती मिसळलेल्या वाळूत दाबून बसवायचा आणि अलगद काढायचा. वाळूत त्याच्या आकाराची पोकळी उरते, तिच्यात बीड ओतायचं. आणि हा लाकडी नमुना बनवणाऱ्या सुताराकडं एक खोटारडी पट्टी असते! तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं, पण ती खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचानं लांब असते. कारण बीड गोठून थंड होताना आक्रसतं, साधारण शंभराला एक. फूटभर लांबीची वस्तू हवी असेल, तर नमुना थोडा मोठाच करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून पट्टीच लांब केली. कुणाला फसवत नाही अशी एवढी एकच खोटारडी पट्टी मला माहीत आहे.

अजून एक जादू राहिली. बीड सावकाश थंड झालं, तर त्यातला कार्बन वेगळा होऊन त्याच्या बारीक पापड्या तयार होतात. ते पेन्सिलीतलं ग्रॅफाइटच. असं बीड तोडलं की आतून करडं दिसतं. त्याला भोक पाडता येतं, कानस लावता येते. तेच बीड झटकन थंड केलं, तर कार्बनला वेगळं व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशीच घट्ट बांधला जातो. असं बीड आतून पांढरं, भयंकर टणक, पण ठिसूळ. फाळाची धार टणक हवी, बाकीचा भाग दगडाला आपटला तरी फुटायला नको. मग काय करायचं? ओतकाम करणाऱ्यांनी युक्ती काढली. साच्यात धारेच्या जागी वाळूऐवजी लोखंडाचा थंड तुकडा ठेवायचा. तिथं बीड झटकन गोठतं, बाकी सगळीकडं सावकाश. एकाच ओतीव वस्तूत दोन स्वभाव!

पाहुणा आता कंटाळला असेल, तर त्याला वाडीच्या आसपासच्या रानात न्या. बरोबर एखादं मोठं माणूस हवंच, कारण बघायची आहे विहीर, आणि तीही काठापासून चार हात लांब उभं राहून.

जुन्या विहिरींच्या अंगावर दोन काळांच्या खुणा असतात. पहिली मोटेची. काठावर दगडी थारोळं, म्हणजे मोटेतलं पाणी पडायची जागा, आणि तिथून उतरत गेलेली धाव. बैल धावेवरून उतरत जायचे, नाडा ओढला जायचा आणि भरलेली चामड्याची मोट वर यायची. उतारावर चालताना बैलांचं स्वतःचं वजनही ओढायला मदत करतं, म्हणून धाव नेहमी उतरती. इथं गुरुत्वाकर्षणाचा धडा बैलांनी आधी गिरवलेला आहे.

दुसरी खूण बारकाईनं बघितली तरच दिसते. विहिरीत खाली, पाण्यापासून थोड्या उंचीवर, भिंतीत काढलेला एक कट्टा किंवा आडवे टाकलेले लोखंडी गर्डर. एवढ्या अडचणीच्या जागी कट्टा कशाला बांधला असेल?

पंपासाठी. वाडीच्या कारखान्यानं १९२६ साली पंप बनवायला सुरुवात केली, आणि पंपांमुळं ही वाडी देशभर माहीत झाली. पंपाच्या आत एक पातं गरगर फिरतं, पाणी बाहेरच्या बाजूला फेकतं आणि मधे जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेत विहिरीतलं पाणी वर चढतं. आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरं तर पंप फक्त जागा रिकामी करून देतो. पाण्याला वर ढकलते विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा!

आपल्या डोक्यावर हवेचा केवढा थोरला थर आहे. त्याचं वजन विहिरीतल्या पाण्यावरही पडतं. समुद्रकाठी हे वजन पाण्याला नळीतून वर ढकलून ढकलून फार तर १०.३ मीटर चढवू शकतं. त्यावर इंचभरही नाही. पंप कितीही ताकदीचा आणा, वरून डिझेल ओता, पाणी हलणार नाही. इटलीत तोरिचेल्ली नावाच्या माणसानं १६४४ साली हे ओळखलं आणि लिहून ठेवलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो.

आता काढा तो स्टेशनावरचा आकडा! आपण साडेपाचशे मीटर उंचावर उभे आहोत. म्हणजे डोक्यावरची हवा समुद्रकाठापेक्षा थोडी कमी. ती पाण्याला १०.३ मीटर नाही चढवू शकत, साधारण ९.७ मीटरच चढवते. महाबळेश्वर तेराशे मीटरांहून उंच. तिथं तर हा आकडा नऊच्याही खाली येतो. हा झाला कागदावरचा हिशेब. नळीत पाणी घासतं, वळणावर अडतं, म्हणून प्रत्यक्षात सहा-सात मीटरांच्या पुढं भरवसा धरत नाहीत. विहीर पंधरा मीटर खोल असली तर? पंपच विहिरीत उतरवायचा. तोच हा कट्टा. एकदा पाणी पंपात पोचलं, की तिथून वर ते पातं ढकलतं, हवा नव्हे. त्याला १०.३ची अट नाही. पाणी बुडाच्या जवळून ढकलायचं असतं, हे त्या कट्ट्यावरून कळतं. पुढं पाण्यातच बुडवायच्या मोटारी आल्या आणि कट्टे रिकामे झाले. आता त्यावर पारवे राहतात.

“पंपानं हवा धरली” असं शेतातली माणसं म्हणतात ना, तेही आता कळेल. पात्याभोवती पाण्याऐवजी हवा असली, तर पातं ती हवाच घुसळत बसतं. हवा पाण्यापेक्षा आठशे पट हलकी, ती फेकून जागा रिकामी होत नाही. म्हणून पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरावं लागतं.

एक गोष्ट मात्र तुम्हांला वाडीत पाहुण्याला दाखवता येणार नाही, ती वाचनालयात शोधावी लागेल. १९२० साली या वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं पत्र निघायला लागलं. शंकरराव किर्लोस्कर ते काढायचे. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली. नांगराच्या गावातून तीन तीन मासिकं! तुमच्यासाठी लिहायला बसले की मला त्या छापखान्याचा थोडा हेवाच वाटतो.

पाहुण्याच्या परतीच्या गाडीत कराड स्टेशन येईल. ते ज्या भागात आहे, तो ओगलेवाडी. हेसुद्धा कारखान्याचंच गाव होतं, पण काचेच्या. इथला प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेला असायचा. आजीला विचारा. कंदिलाची काच नुसती वाऱ्यापासून वाचवत नाही. आत तापलेली हवा काचेच्या नळीतून भरभर वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते, ज्योतीला प्राणवायू जास्त मिळतो आणि तीच वात जास्त उजेड देते. पेटलेल्या कंदिलावर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकायची. थेंबाखालचा भाग चटकन आक्रसायचा, बाजूचा तसाच ताणलेला. आजीनं त्याबद्दल कुणाकुणाला धपाटे घातले, तेही विचारून घ्या.

तुमच्या गावात नांगराचा कारखाना नसेल, कंदिलाचा नसेल. तरी बिडाचं ओतकाम बघायला वाडीला जायची गरज नाही. भाजीवाल्या मावशींकडं अजून तराजू आणि लोखंडी वजनं असतील, तर एक किलोचं वजन मागून हातात घ्या. वर उठावाची अक्षरं आहेत ती साच्यातच आलेली. आता वजन पालथं करा. बुडाला एक खळगा दिसेल आणि त्यात मऊ, करडा धातू भरलेला. ते शिसं. साच्यातून काढलेलं वजन बरोबर एक किलो भरणं कठीण. म्हणून ते थोडं कमीच ओततात आणि खळग्यात शिसं घालून तोलून पुरं करतात. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं आणि इतकं मऊ असतं की त्याच्यावर ठसा उठवता येतो. वजनमापं खात्याचा निरीक्षक तपासणी झाली की त्या शिशावर आपली मुद्रा मारतो, त्यात सालाचे आकडेही असतात. मावशींचं वजन कोणत्या साली तपासलं ते वाचून बघा. जमलं नाही तर भिंग न्या.

मावशींकडं इलेक्ट्रॉनिक काटा असला, तर त्याच्या बाजूला तारेत अडकवलेलं छोटंसं सील शोधा. त्यावरही मुद्रा असते. आणि वाचून झालं की हात धुवा, शिसं पोटात गेलेलं वाईट. वजन मात्र लगेच परत द्यायचं. मागं गिऱ्हाईक दोडकी घेऊन उभं असतं.